बंदिस्त लायब्ररी आणि पर्यायी आज्ञावली : सॉफ्टवेअर निर्मितीच्या इतिहासातील एक प्रवाह (१९६९ ते २०२१)

प्रस्तावना :

संगणकाची कोणतीही मोठी आज्ञावली आज मुळापासून लिहिली जात नाही. पडद्यावर अक्षर उमटवणे, खिडकी उघडणे, छपाईयंत्राशी संवाद साधणे, आकडेमोड करणे ही कामे पूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेल्या आज्ञावल्यांच्या संचाकडे सोपवली जातात. या संचाला सॉफ्टवेअरच्या व्यवसायात 'लायब्ररी' असे म्हणतात. नाव ग्रंथालयाचे असले, तरी येथील सर्वच ग्रंथ उघडून वाचता येत नाहीत. पुष्कळशा लायब्रऱ्या केवळ यंत्राला समजणाऱ्या स्वरूपात पुरवल्या जातात. त्यांची मूळ संहिता निर्मात्याकडेच राहते. काही लायब्रऱ्यांची संहिता वाचता येते, परंतु ती बदलण्याचा किंवा बदलून वाटण्याचा अधिकार परवान्याने नाकारलेला असतो. अशा लायब्ररीत दोष आढळला, तिच्यात एखादी सोय नसली किंवा तिचा परवाना अडसर ठरू लागला, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या आज्ञावलीकाराने काय करावे, हा प्रश्न गेली पाच दशके पुन्हा पुन्हा उपस्थित झाला आहे.

या प्रश्नाकडे केवळ तांत्रिक अडचण म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्याच्या उत्तरांतूनच संगणकक्षेत्रातील काही महत्त्वाच्या संस्था, परवाने आणि न्यायतत्त्वे जन्माला आली. म्हणून या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार होणे आवश्यक आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मूळ संहिता बंदिस्त करण्याची प्रथा कशी सुरू झाली, हे पाहणे.
२) बंदिस्त लायब्ररीला वळसा घालण्याच्या प्रमुख पद्धतींचा निवडक घटनांच्या आधारे आढावा घेणे.
३) या पद्धतींना कायद्याने कितपत मान्यता दिली, याचा शोध घेणे.
४) देवनागरी लिपीच्या संगणकीय वापराशी या इतिहासाचा असलेला संबंध स्पष्ट करणे.

कुलपाचा उगम :

संगणकाच्या आरंभकाळात सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू नव्हती. यंत्र घेणाऱ्या ग्राहकाला आज्ञावल्या यंत्राबरोबरच मिळत आणि बहुधा मूळ संहितेसह मिळत. आयबीएमच्या ग्राहकांनी १९५५ मध्ये 'शेअर' नावाची संघटना स्थापन केली होती. सभासदांनी केलेल्या सुधारणांची देवाणघेवाण हे तिचे एक प्रमुख कार्य होते. जून १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअर आणि सेवांची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचा निर्णय जाहीर केला. सॉफ्टवेअरला स्वतंत्र मूल्य प्राप्त झाले आणि त्यासोबत ते राखून ठेवण्याची गरजही निर्माण झाली. १९८० मध्ये अमेरिकेच्या प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन संगणकीय आज्ञावलीला स्पष्ट संरक्षण मिळाले. फेब्रुवारी १९८३ मध्ये आयबीएमने यापुढे आज्ञावल्या केवळ यंत्रसंहितेच्या स्वरूपात पुरवण्याचे धोरण घोषित केले. वर्षानुवर्षे मूळ संहिता वाचून आपापल्या गरजेप्रमाणे ती बदलणाऱ्या 'शेअर'च्या सभासदांनी या धोरणाला विरोध केला. परंतु व्यवसायाचा कल बदललेला होता.

याच सुमारास घडलेला एक लहानसा प्रसंग पुढे दूरगामी ठरला. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत छपाईयंत्रात कागद अडकण्याची तक्रार नेहमीची होती. यंत्राचा दोष दूर करणे तेथील आज्ञावलीकारांच्या हाती नव्हते. तथापि जुन्या यंत्राची मूळ संहिता उपलब्ध असल्याने रिचर्ड स्टॉलमन यांनी तीत बदल करून, कागद अडकताच प्रतीक्षेत असलेल्या सर्वांना सूचना जाईल अशी व्यवस्था केली होती. दोष कायम राहिला, मात्र त्याचा त्रास कमी झाला. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे नवे लेसर छपाईयंत्र आले, तेव्हा त्याची संहिता मिळाली नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ज्या व्यक्तीकडे ती होती, तिने गोपनीयतेचे वचन दिलेले असल्याने नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा अधिकार परवान्यातच लिहून ठेवण्याची कल्पना या प्रकल्पाने रुजवली.

बाहेरून पाहून नव्याने लिहिणे :

कुलूपबंद आज्ञावली उघडता येत नसेल, तर तिच्यासारखेच वागणारी दुसरी आज्ञावली लिहिणे हा एक मार्ग उरतो. परंतु नवी आज्ञावली ही जुनीची नक्कल नाही, हे सिद्ध कसे करावयाचे? या प्रश्नाचे शिस्तबद्ध उत्तर आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाच्या निमित्ताने पुढे आले.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या या संगणकाचे बहुतेक सुटे भाग बाजारात कोणालाही मिळत होते. अपवाद होता तो 'बायॉस' या मूलभूत आज्ञासंचाचा. यंत्र सुरू करणे आणि इतर आज्ञावल्यांना कळफलक, पडदा, तबकडी यांच्याशी जोडून देणे हे त्याचे काम. आयबीएमने त्याची संहिता तांत्रिक पुस्तिकेत छापलेली होती, म्हणजे ती गुप्त नव्हती. प्रताधिकारामुळे मात्र ती वापरता येत नव्हती. उलट ती वाचलेली व्यक्ती समान आज्ञावली लिहू लागली, तर नकलेचा आरोप होण्याचा धोका होता. कॉम्पॅक कंपनीने १९८२ मध्ये आणि फिनिक्स कंपनीने १९८४ मध्ये यावर उपाय म्हणून काम दोन गटांत विभागले. पहिल्या गटाने मूळ बायॉसचा अभ्यास करून ते काय करते, एवढेच लिहून काढले. ते कसे करते, हे लिहिले नाही. दुसऱ्या गटाने मूळ संहिता पाहिलेलीच नव्हती. पहिल्या गटाच्या वर्णनावरून त्याने नवी आज्ञावली लिहिली. ही पद्धत 'क्लीन रूम' या नावाने ओळखली जाऊ लागली. फिनिक्सचा बायॉस कोणत्याही उत्पादकाला विकत मिळू लागल्यावर आयबीएमशी जुळणारे संगणक बनवणे सर्वांनाच शक्य झाले.

या पद्धतीमागील भेद मूलभूत स्वरूपाचा आहे. आज्ञावलीची शब्दरचना निर्मात्याच्या मालकीची असते, तिचे वर्तन मात्र पाहणाऱ्याला वर्णन करता येते. हा भेद न्यायालयापुढे 'सेगा विरुद्ध अकोलेड' या खटल्यात आला. अकोलेड कंपनीने सेगाच्या खेळयंत्रावर चालणारे खेळ तयार करण्यासाठी सेगाच्या खेळांची यंत्रसंहिता उलगडून वाचली होती. तिच्या अभियंत्यांनी प्रथम केवळ जोडणीच्या अटींचे वर्णन करणारी पुस्तिका तयार केली आणि त्या आधारे स्वतःचे खेळ लिहिले. कनिष्ठ न्यायालयाने अकोलेडविरुद्ध मनाई हुकूम दिला. ऑक्टोबर १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. आज्ञावलीतील संरक्षित नसलेल्या कार्यात्मक भागापर्यंत पोहोचण्याचा अन्य मार्ग नसेल आणि हेतू रास्त असेल, तर संहिता उलगडून वाचणे हा न्याय्य वापर ठरतो, असे तत्त्व या निर्णयाने मांडले. युरोपीय समुदायाने मे १९९१ च्या निर्देशात परस्परजुळणीपुरती अशी मुभा आधीच दिली होती.

भारतातही कायदा याच दिशेने गेला. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने नवी उपकलमे समाविष्ट झाली. स्वतंत्रपणे तयार केलेल्या आज्ञावलीची इतर आज्ञावल्यांशी जुळणी करण्यासाठी आवश्यक असलेली माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसेल, तर आज्ञावलीच्या कायदेशीर धारकाने ती मिळवण्यासाठी केलेली कृती प्रताधिकाराचा भंग ठरत नाही, असे त्यांत नमूद आहे. आज्ञावलीच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करण्यासही मुभा देण्यात आली.

वेष्टन आणि पर्याय :

रोजच्या कामात मात्र आज्ञावलीकार नेहमीच एवढा मोठा घाट घालत नाहीत. लायब्ररी बदलता येत नसेल, तर तिच्याभोवती स्वतःच्या आज्ञांचे पातळ वेष्टन घालून तिचे दोष त्या वेष्टनातच दुरुस्त करून घेणे, ही सर्वांत प्रचलित पद्धत होय. १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांनी लिहिलेल्या 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथात 'अ‍ॅडॉप्टर' नावाने तिची मांडणी झाली. तेथील उदाहरणही हीच परिस्थिती गृहीत धरते : तयार संचातील घटक उपयुक्त आहे, परंतु त्याची मूळ संहिता हाती नसल्याने तो आपल्या रचनेत जसाच्या तसा बसवता येत नाही. वेष्टनाचा आणखी एक लाभ असा, की लायब्ररीवरील अवलंबित्व एकाच ठिकाणी एकवटते. उद्या ती बदलावी लागली, तर सर्व आज्ञावली नव्याने लिहावी लागत नाही.

वेष्टनाने भागत नाही तेव्हा पर्यायी लायब्ररी लिहावी लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी 'गिंप' ही चित्रसंपादनाची आज्ञावली लिहिली, ती प्रथम 'मोटिफ' या विकतच्या लायब्ररीवर उभी होती. गिंप विनामूल्य, तर मोटिफ सशुल्क; त्यामुळे मोटिफ नसलेल्या वापरकर्त्याला गिंपची बांधणी करणे कठीण जाई. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःचीच लायब्ररी लिहिली आणि तिला 'जीटीके' असे नाव दिले. एका आज्ञावलीची अडचण दूर करण्यासाठी लिहिलेली ही लायब्ररी लवकरच एका मोठ्या वादात निर्णायक ठरली.

ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीतील मथियास एट्रिख यांनी लिनक्ससाठी 'केडीई' हा दर्शनी व्यवस्थेचा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी त्यांनी नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीची 'क्यूटी' ही लायब्ररी निवडली. क्यूटी विनामूल्य वापरता येत होती, परंतु तीत बदल करून ती वाटण्याची परवानगी नव्हती. मुक्त संहितेच्या पुरस्कर्त्यांच्या दृष्टीने ही इमारत परक्या जमिनीवर उभी होती. या स्थितीला दोन प्रत्युत्तरे मिळाली. ऑगस्ट १९९७ मध्ये जीटीकेच्या पायावर 'ग्नोम' हा स्वतंत्र प्रकल्प सुरू झाला. तर 'हार्मनी' या दुसऱ्या प्रयत्नात क्यूटीच्याच इंटरफेसची मुक्त प्रतिरचना लिहिण्यास प्रारंभ झाला. ट्रोलटेकने १९९८ मध्ये केडीईसोबत एक प्रतिष्ठान स्थापन केले, १९९९ मध्ये क्यूटीच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी अधिक उदार परवाना स्वीकारला आणि सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली उपलब्ध केली. हार्मनी कधीच पूर्ण झाली नाही. तथापि, पर्याय उभा राहू शकतो या जाणिवेचा मालकाच्या धोरणावर परिणाम होतो, हे या घटनाक्रमातून दिसून येते.

जावाचा दीर्घ संघर्ष :

या प्रवाहातील सर्वांत दीर्घ आणि बोधप्रद अध्याय जावा भाषेचा आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये सादर केलेल्या या भाषेचे खरे सामर्थ्य तिच्या विस्तृत लायब्ररीत होते. भाषेचे वर्णन प्रसिद्ध झालेले होते, पण लायब्ररी सनच्या परवान्याने बांधलेली होती. १९९८ मध्ये 'ग्नू क्लासपाथ' हा प्रकल्प सुरू झाला. सनची संहिता न पाहता, प्रसिद्ध वर्णनाच्या आधारे संपूर्ण लायब्ररी पुन्हा लिहिणे हे त्याचे ध्येय होते. एप्रिल २००४ मध्ये स्टॉलमन यांनी 'जावाचा सापळा' या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहून इशारा दिला, की स्वतःची आज्ञावली मुक्त असली, तरी ती बंदिस्त लायब्ररीवर विसंबून असेल, तर मुक्त व्यवस्थेत ती निरुपयोगी ठरते. २००५ मध्ये अपाची प्रतिष्ठानानेही 'हार्मनी' याच नावाने जावाची दुसरी मुक्त प्रतिरचना हाती घेतली.

नोव्हेंबर २००६ मध्ये सनने जावा खुली करण्याचे जाहीर केले. मे २००७ मध्ये 'ओपनजेडीके' या नावाने लायब्ररीची संहिता प्रसिद्ध झाली, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. लायब्ररीचा सुमारे चार टक्के भाग सनला खुला करता येत नव्हता, कारण तो सननेही इतरांकडून परवान्यावर घेतलेला होता. त्यात अक्षररेखन, रंगव्यवस्थापन, ध्वनी यांसारखे घटक होते. म्हणजे कुलूप लावणारा स्वतःच दुसऱ्याच्या कुलपात अडकला होता. जून २००७ मध्ये रेड हॅट कंपनीने 'आइस्डटी' हा प्रकल्प सुरू करून हे बंदिस्त तुकडे क्लासपाथच्या संहितेने भरून काढले. जून २००८ मध्ये त्यावर आधारित आवृत्ती जावाच्या अधिकृत जुळणी-चाचणीत उत्तीर्ण झाली. मूळ लायब्ररी पूर्ण मुक्त होण्यासाठी तिचा पर्याय म्हणून लिहिलेली संहिता उपयोगी पडली.

अपाचीच्या वाट्याला मात्र वेगळा अनुभव आला. हार्मनीची संहिता स्वतंत्र होती, परंतु तिला जावा म्हणून मान्यता मिळण्यासाठी जी चाचणी आवश्यक होती, तिच्या परवान्यात वापराच्या क्षेत्रावर मर्यादा घातलेल्या होत्या. एप्रिल २००७ मध्ये अपाचीने सनला खुले पत्र लिहिले. २०१० च्या प्रारंभी सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली, तरी स्थिती बदलली नाही. डिसेंबर २०१० मध्ये अपाचीने जावाच्या कार्यकारी समितीचा राजीनामा दिला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये हार्मनी प्रकल्प बंद झाला. संहितेला वळसा घालता आला, पण चाचणीच्या परवान्याला घालता आला नाही.

दरम्यान गूगलने अँड्रॉइडसाठी हार्मनीची संहिता आणि जावाच्या ३७ संचांचा इंटरफेस वापरला होता. ऑगस्ट २०१० मध्ये ओरॅकलने दावा दाखल केला. २०१२ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने इंटरफेसच्या रचनेला प्रताधिकार नाही, असे ठरवले. मे २०१४ मध्ये अपील न्यायालयाने नेमके उलट मत दिले. या निर्णयाचा धोका एका कंपनीपुरता नव्हता. लायब्ररीच्या आज्ञांची नावे आणि त्यांची मांडणी हीच मालकीची वस्तू ठरली, तर बाहेरून पाहून नव्याने लिहिण्याच्या परंपरेचा कायदेशीर पायाच डळमळीत होणार होता. ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने निकाल दिला. घेतलेल्या सुमारे ११,५०० ओळी या २८.६ लाख ओळींच्या केवळ ०.४ टक्के असून त्यांचा वापर न्याय्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र इंटरफेसला मुळात प्रताधिकार असतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिले नाही. संरक्षण मिळाले, ते त्या प्रकरणापुरते.

देवनागरीचा अनुभव :

हा इतिहास परदेशी कंपन्यांच्या वादांपुरता मर्यादित नाही. मराठी मजकूर संगणकाच्या पडद्यावर शुद्ध दिसणे हेदेखील याच प्रकारच्या परिश्रमाचे फळ आहे.

युनिकोडमध्ये देवनागरीची मुळाक्षरे व चिन्हे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी दाखवणे, रफार पुढील अक्षराच्या डोक्यावर नेणे, जोडाक्षर बनवणे ही कामे आकारयोजन करणारी लायब्ररी करते. मराठीला येथे एक खास गरज आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन भिन्न शब्द आहेत. पहिला गुरूंविषयी, दुसरा स्वयंपाक्यांविषयी. त्यांतील भेद केवळ 'र'च्या रूपावर अवलंबून असल्याने लायब्ररीने तो चुकवला, तर अर्थच बदलतो. विंडोजवर हे काम 'युनिस्क्राइब' ही मायक्रोसॉफ्टची बंदिस्त लायब्ररी करीत असे. तिच्यासाठी फॉन्ट कसे बनवावेत, याचे वर्णन मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केले होते; परंतु प्रत्यक्ष वर्तनातील अनेक बारकावे त्यात नव्हते. फॉन्ट बनवणारे मात्र आपले फॉन्ट युनिस्क्राइबमध्ये नीट दिसतात, एवढेच पाहत. परिणामी लिखित वर्णनाऐवजी बंदिस्त लायब्ररीचे वर्तन हेच व्यवहारात प्रमाण होऊन बसले.

बेहदाद इस्फाहबूद यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या 'हार्फबझ' या मुक्त लायब्ररीने २०११-१२ च्या सुमारास हा प्रश्न हाती घेतला. विकिपीडियाच्या भारतीय भाषांतील आवृत्त्यांमधून लाखो शब्द गोळा करण्यात आले. प्रत्येक शब्द युनिस्क्राइब आणि हार्फबझ या दोहोंना देऊन त्यांची उत्तरे ताडून पाहण्यात आली. जेथे फरक पडला, तेथे कारण शोधून नियम सुधारण्यात आला. देवनागरी, बंगाली, तमिळ अशा लिप्यांसाठी ही प्रक्रिया पुनःपुन्हा झाली. युनिस्क्राइबची संहिता न उघडता तिच्या वर्तनाची मोजणी अशा रीतीने करण्यात आली. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड यांनी हार्फबझ स्वीकारल्याने आज कोट्यवधी भ्रमणध्वनींवर मराठी मजकुराचे आकारयोजन हीच लायब्ररी करते.

मर्यादा :

पर्याय लिहिण्याचा मार्ग स्वस्त नाही. विंडोजच्या लायब्रऱ्यांची प्रतिरचना करणारा 'वाइन' प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती जून २००८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी आली. मूळ लायब्ररी दरम्यान बदलत राहते आणि प्रतिरचनाकाराला तिच्यामागे धावावे लागते. शिवाय मूळ लायब्ररीतील दोषांवरही इतर आज्ञावल्या विसंबलेल्या असतात, त्यामुळे दोषांचीदेखील प्रतिरचना करावी लागते. मूळ संहिता पाहिलेल्या व्यक्तीला अशा प्रकल्पातून दूर ठेवावे लागते. म्हणजेच सर्वाधिक जाणकार व्यक्तीच अनेकदा अपात्र ठरते.

निष्कर्ष :

१) लायब्ररी बंदिस्त होणे हा तंत्राचा नैसर्गिक परिणाम नव्हता. १९६९ ते १९८३ या काळातील व्यावसायिक आणि कायदेशीर निर्णयांतून ही स्थिती निर्माण झाली.
२) कुलूप मोडण्याने टिकाऊ उपाय सापडले नाहीत. ते वर्तनाचे काळजीपूर्वक वर्णन करून नव्याने लिहिण्याने सापडले. बायॉस, जावा आणि देवनागरीचे आकारयोजन या तीनही उदाहरणांत हीच पद्धत आढळते.
३) पर्यायाचे यश त्याच्या पूर्णतेवरच अवलंबून नसते. अपूर्ण राहिलेल्या हार्मनीनेही क्यूटीच्या मालकावर दबाव निर्माण केला, तर क्लासपाथची संहिता अखेर मूळ जावालाच उपयोगी पडली.
४) ही सर्व परंपरा एका कायदेशीर भेदावर उभी आहे : संहिता मालकीची, परंतु तिचे वर्तन सर्वांना अभ्यासता येण्याजोगे. २०१४ ते २०२१ या सात वर्षांत हा भेद अमेरिकेत अनिश्चित झाला होता आणि २०२१ च्या निकालानेही तो पूर्णपणे निश्चित केलेला नाही. भारतीय कायद्यातील कलम ५२ ची मुभा या दृष्टीने मोलाची ठरते.

आपल्या भाषेचे अक्षर पडद्यावर कसे दिसावे, हे जर एखाद्या बंद लायब्ररीतच ठरत असेल, तर तिच्यातील चूक दुरुस्त करण्याचा मार्ग त्या भाषेच्या बोलणाऱ्यांना मोकळा असला पाहिजे. सॉफ्टवेअरच्या इतिहासातील हा प्रवाह म्हणूनच केवळ आज्ञावलीकारांच्या नव्हे, तर भाषिक समाजांच्याही आस्थेचा विषय आहे.